अमेरिकेत युनियन बांधायची तर आधी माणसं मोजा

युनियन म्हटलं की आपल्याकडे आधी नोंदणी, मग मान्यतेचं भांडण, आणि एकाच गेटवर दोन-तीन झेंडे. अमेरिकेतल्या खासगी कंपन्यांत असं चालत नाही. तिथे एका गटाची, म्हणजे एका ठिकाणी मिळून बोलणी करणाऱ्या कामगारांची, एकच युनियन असते आणि ती बहुतेक वेळा गुप्त मतदानाने ठरते. हे मतदान नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्ड घेतं. 1935च्या वॅग्नर कायद्याने हे बोर्ड उभं केलं.

आधी पाहायचं ते हे की, तुम्ही या कायद्यात बसता का? शेतमजूर आणि घरकामगार यांना 1935 पासूनच बाहेर ठेवलं आहे. सुपरवायझरना 1947च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने वगळलं. रेल्वे आणि विमान कंपन्यांसाठी 1926चा वेगळा कायदा आहे. व्हिसावर काम करणाऱ्याला मात्र युनियनच्या कार्डावर सही आणि मतदानात मत या दोन्हींचा हक्क आहे. ‘व्हिसा आहे, म्हणून गप्प बसतो’ हे आपल्या मंडळींकडून फार ऐकू येतं, पण कायदा तसं म्हणत नाही.

आता 200 जणांचं गोदाम धरू. पहिलं काम कागदावर करायचं: प्रत्येकाचं नाव, पाळी, विभाग, आणि त्याच्याशी कोण बोलणार. प्रत्येकापुढे 1 ते 5 असा आकडा लिहा. 1 म्हणजे स्वतः पुढे होऊन काम करणारा, 5 म्हणजे पक्का विरोधक. गोड बोलणाऱ्याला 1 देऊ नका. त्याला एखादं छोटं काम सांगा, चार सहकाऱ्यांशी बोलायला लावा, ते झालं तरच आकडा बदला. साधारण दहा जणांमागे एक या हिशेबाने 20 जणांची समिती हवी, आणि तीत प्रत्येक पाळीचा माणूस हवा. रात्रपाळी बहुतेक ठिकाणी सुटते, आणि नेमकी तिथेच मतं फुटतात.

मग कार्डं, म्हणजे ‘मला युनियन हवी’ असं लिहून सही केलेले कागद. कार्डावर सहीबरोबर तारीख हवीच, तीही सही करणाऱ्याने स्वतः घातलेली. तारीख नसलेलं कार्ड बोर्ड मोजत नाही. सही घेण्याचं बोलणं जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी सुटल्यावर करा, आणि पत्रकं कामाच्या जागेबाहेर वाटा. कंपनीचा ईमेल वापरू नका. मतदानासाठी बोर्डाकडे अर्ज करायला कायद्याला 30 टक्के, म्हणजे 60 सह्या पुरतात. पण 60वर अर्ज टाकणं म्हणजे हरायला जाणं. जाणते संघटक 65-70 टक्क्यांशिवाय, म्हणजे 130-140 कार्डांशिवाय हलत नाहीत, कारण अर्ज पडला की कंपनीचा प्रचार सुरू होतो आणि सह्या केलेलेच कचरू लागतात. टेनेसीतल्या चॅटानूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात ऑटो कामगारांची युनियन 2014 मध्ये 626 विरुद्ध 712 अशी हरली, 2019 मध्ये 776 विरुद्ध 833 अशी. 2024 मध्ये मात्र 2,628 विरुद्ध 985 मतांनी जिंकली.

प्रचाराच्या काळात मालकाला चार गोष्टींची बंदी आहे: धमकी, चौकशी, आमिष आणि पाळत. यातलं काही घडलं तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रारीची मुदत सहा महिने आहे. पण फार आशा धरू नका. या कायद्यात दंड नाही. बेकायदा काढलेल्याला परत कामावर घेऊन बुडालेला पगार द्यायचा, त्यातूनही त्याने मधल्या काळात दुसरीकडे कमावलेलं वजा होतं. कित्येक कंपन्यांना हे परवडतं.

मतदानात झालेल्या मतांचं बहुमत लागतं, एकूण कामगारांचं नाही. बरोबरी झाली तर युनियन हरली. मग त्या गटात 12 महिने पुन्हा मतदान होत नाही.

जिंकल्यावर हार-गुलाल झाला की लोक पांगतात, आणि खरी चूक इथेच होते. कायदा मालकाला प्रामाणिकपणे बोलणी करायला लावतो, करारावर सही करायला नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अॅमेझॉनच्या गोदामात 1 एप्रिल 2022 रोजी 2,654 विरुद्ध 2,131 अशी युनियन जिंकली; दोन वर्षांनीही पहिला करार झाला नव्हता. म्हणून समिती मोडू नका, आणि मागण्यांची पाहणी मतदानाआधीच उरका.

संपाची गोष्ट आणखी नाजूक. 1936-37च्या हिवाळ्यात मिशिगनच्या फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सचे कामगार 44 दिवस कारखान्यातच ठिय्या देऊन बसले आणि जिंकले. तो मार्ग आज बंद आहे. 1939 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा ठिय्यावाल्यांना बडतर्फ करायची मोकळीक दिली. त्याआधी 1938 मध्येच पगारासाठीच्या संपात कायमचे बदली कामगार घ्यायला परवानगी मिळाली होती. संप मालकाच्या बेकायदा वागण्याविरुद्ध असेल तर मात्र तशी कायमची बदली करता येत नाही. म्हणून तक्रार आधी नोंदवा, संपाचं कारण लेखी ठेवा. करार संपवायचा किंवा बदलायचा तर 60 दिवसांची लेखी नोटीस लागते. ती मुदत संपायच्या आत संपावर गेलेल्याचं कायद्याचं कवच जातं.

शिवाय बहुतेक करारांत मुदतीत संप न करण्याचं कलम असतं, म्हणून करार संपण्याची तारीख पगारवाढीइतकीच जिद्दीने मागा. गोदामाचा करार नाताळची गर्दी ओसरल्यावर जानेवारीत संपला, तर हातात काही उरत नाही. ऑटो कामगारांनी 2023च्या संपानंतर डेट्रॉइटच्या तिन्ही मोटार कंपन्यांशी (जनरल मोटर्स, फोर्ड, स्टेलँटिस) 30 एप्रिल 2028 ही तारीख ठरवून घेतली आणि इतर युनियननाही तीच धरायला सांगितलं. दुसरा दिवस 1 मेचा: 1886 मध्ये आठ तासांच्या दिवसासाठीचा संप याच तारखेला सुरू झाला होता.