कोकणातल्या छोट्या गाडीची ब्रेक डिस्क: खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

आधी खर्चाचे बोलू. अल्टो, वॅगनआर, टियागो किंवा ग्रँड आय१० यांसारख्या छोट्या गाड्यांना पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला दोन बाजूंनी पॅड आवळून वेग कमी करतात) आणि मागे ड्रम (ज्याला आतून लायनर दाबतात) असतात. म्हणजे बदलायच्या झाल्या तरी डिस्क दोनच. गाडी आणि कंपनी यांनुसार एक डिस्क साधारण १,२०० ते २,२०० रुपयांना मिळते, पॅडचा सेट ९०० ते १,८०० रुपयांना, आणि बाहेरच्या गॅरेजची मजुरी ६०० ते १,२०० रुपये होते. ब्रेक ऑइल आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांचे रबर बूट धरले तर सगळे काम साडेचार ते सव्वाआठ हजारांत बसते. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला मजुरी जास्त पडते.

हा खर्च चार-पाच वर्षांतून एकदा आला तर कोणाचे बजेट कोसळत नाही. पण रत्नागिरी, गुहागर, दापोली, मालवण या पट्ट्यात तोच खर्च दीड-दोन वर्षांत पुन्हा दारात उभा राहतो. लोक खाऱ्या हवेला दोष देऊन पैसे मोजतात. खारी हवा निम्मे कारण आहे, निम्म्या चुका आपल्या आणि गॅरेजच्या असतात. डिस्क बदलली जाते, पण ती ज्यामुळे खराब झाली ते कारण गाडीतच राहते.

सकाळचा गंज पाहून डिस्क बदलू नका

डिस्क बिडाची असते. बिडाचा तवा रात्री ओला राहिला तर सकाळी लालसर दिसतो, तसेच पावसाळ्यात डिस्कचे होते. समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांना तर उन्हाळ्यातही हा लाल थर दिसेल. गाडी काढल्यावर पहिल्या काही ब्रेकला खरखर आवाज येतो आणि पॅड तो थर खरवडून काढतात. पुढच्या नाक्यापर्यंत डिस्क पुन्हा चकचकीत झाली, तर तिथे बिघाड काहीच नाही.

चिंता करायची ती वेगळ्या गंजाची. डिस्कच्या घासणाऱ्या भागावर खड्डे पडलेले दिसले, कडेपासून आत गंजाचा पट्टा सरकत आला असेल किंवा बोट फिरवल्यावर खोल चरे लागत असतील (गाडी थंड असतानाच बोट लावा), तर डिस्क तपासायला हवी. आतली बाजूही पाहायला सांगा. बाहेरून आरशासारखी दिसणारी डिस्क आतून पूर्ण खाल्लेली असू शकते, आणि चाक न काढता ते कळत नाही.

जाडीचा निकाल मात्र मोजूनच लावायचा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. छोट्या गाड्यांत नवीन जाडी आणि किमान जाडी यांत साधारण २ मिलिमीटरचा फरक असतो. इथे एक गफलत नेहमी होते. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला उंच काठ राहतो. व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) त्या काठावर टेकते आणि जाडी आहे त्याहून जास्त दाखवते. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा.

थरथर म्हणजे दर वेळी डिस्क नव्हे

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा. ब्रेक न दाबताही ऐंशीच्या वेगाला हलत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करा, त्यात थोडक्यात भागेल. ओल्या रस्त्यावर किंवा सुट्या खडीवर जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली टकटक करते, ते एबीएसचे, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, काम चालू असते. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचे आहे. जुन्या गाडीवरून नवीन गाडीवर आलेले लोक या टकटकीला घाबरून डिस्क बदलायला जातात.

मोठी चूक: कॅलिपरच्या पिना न पाहणे

छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या पिना सुरळीत सरकल्या तरच दोन्ही पॅड सारखे झिजतात. त्यांच्यावरचे रबर बूट फाटले की आत पाणी, खारटपणा आणि आपल्याकडची जांभ्याची तांबडी माती शिरते. ग्रीस सुकते, पिन गंजते आणि एक दिवस जाम होते. मग कॅलिपर मागे सरत नाही. पॅड डिस्कला कायम चिकटून राहतो, डिस्क तापते, मायलेज पडते, आणि एक पॅड संपून त्याची लोखंडी पट्टी डिस्कवर घासू लागते.

अशा गाडीला नवीन डिस्क आणि नवीन पॅड टाकून जाम पिना तशाच ठेवल्या, तर नवीन माल त्याच वाटेने जाणार. म्हणून गॅरेजमध्ये काढलेले जुने पॅड मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजले असतील तर ठीक. एक कागदासारखा झाला आहे आणि दुसरा निम्मा शिल्लक आहे, तर पिन किंवा पिस्टन अडकला आहे. त्याचे काम झाल्याशिवाय डिस्क चढवू देऊ नका.

पिना बाहेर काढून साफ कराव्या लागतात, फाटलेले बूट बदलावे लागतात आणि ग्रीस ब्रेकसाठीचे, सिलिकॉनचे, लावावे लागते. बेअरिंगचे साधे ग्रीस चालत नाही. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते आणि मोकळी केलेली पिन पुन्हा आवळली जाते. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी हे काम दरवर्षी पावसाळा संपला की करून घ्यावे, डिस्क ठीक असली तरीही. दोन्ही बाजूंचे मिळून काही शे रुपयांचे काम आहे, आणि ते डिस्कचे आयुष्य कित्येक महिने वाढवते.

हब न घासता नवीन डिस्क बसवणे

नवीन डिस्क टाकली, पहिले काही आठवडे झकास गेले, आणि मग पुन्हा स्टिअरिंग थरथरू लागले. मग दुकानदार गॅरेजला नावे ठेवतो आणि गॅरेज दुकानदाराला. खरा दोष बहुतेक वेळा हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर) बसलेल्या गंजाचा असतो.

डिस्क हबच्या ज्या सपाट तोंडावर बसते, तिथे आपल्याकडे गंजाच्या खपल्या धरतात. खपली अगदी बारीक असली तरी डिस्क त्यावर किंचित तिरकी बसते. मधोमध नगण्य असलेला तो तिरकेपणा काठावर वाढतो. बहुतेक गाड्यांत ०.१ मिलिमीटरच्या आसपासच त्याची मर्यादा असते. सुरुवातीला जाणवत नाही. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा एकच भाग पॅडला चाटून जातो, काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग पातळ होतो आणि थरथर सुरू होते. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, एका जागी जास्त झिजलेली असते.

उपाय वायर ब्रश आणि पॉलिश पेपरचा. हबचे तोंड लोखंडाचा रंग दिसेपर्यंत घासायचे, बोल्टांच्या मुळाशी साचलेला गंजही काढायचा. त्या कामाला दहा-पंधरा मिनिटे जातात, म्हणूनच घाईच्या दिवशी ते राहून जाते. तुम्ही समोर उभे राहून करवून घ्या. गॅरेजकडे डायल गेज (तिरकेपणा मोजायचे साधन) असेल तर बसवलेली डिस्क फिरवून मोजायला सांगा.

जुनी डिस्क गंजून हबला घट्ट चिकटलेली असते, तेव्हा हातोड्याचे घाव घालू देऊ नका. ते घाव व्हील बेअरिंगवर बसतात आणि पुढे बेअरिंगचा वेगळा खर्च उभा राहतो. पुष्कळ गाड्यांच्या डिस्कला आट्यांची दोन छोटी भोके असतात. गंजावरचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबायचे आणि त्या भोकांत दोन्ही बोल्ट समप्रमाणात आवळत गेले की डिस्क आपोआप सुटते. कॅलिपर काढून ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या) आवळावे. एअर गनने कमी-जास्त आवळलेले नटही डिस्क तिरकी बसवतात.

एकच डिस्क, जुने पॅड, लेथचे काम

एकच बाजू खराब असली तरी डिस्क जोडीने बदला, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. नवीन डिस्कला जुने पॅड लावू नका, जुन्या चऱ्यांचा साचा त्यांच्यावर असतो. नवीन डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड चढवायचे नाहीत. लेथवर फेसिंग करून, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग कातून सपाट करून, घेण्याचा मार्ग आहे, पण फेसिंगनंतर जाडी किमान मर्यादेच्या जेमतेम वर राहणार असेल तर त्यात पैसे घालू नका. छोट्या गाडीची डिस्कच स्वस्त असते. फेसिंग मोठ्या, महागड्या डिस्कला परवडते.

दुकानात काय पाहायचे

तालुक्याच्या गावात तुमच्या मॉडेलची डिस्क दुकानात असेलच असे नाही. कोल्हापूर किंवा मुंबईहून मागवावी लागते. गणपतीच्या तोंडावर तर सगळ्यांचीच घाई असते, त्यामुळे जे मिळेल ते बसवले जाते. काम जुलैअखेर उरका. मागवताना आरसीवरचा चेसिस नंबर द्या, कारण एकाच नावाच्या गाडीत व्हेरिएंट आणि सालानुसार साधी डिस्क किंवा मधून हवेची पोकळी असलेली डिस्क येते.

बिलाकडेही लक्ष द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुने एमआरपीचे स्टिकर असलेला माल समोर आला तर नवीन भाव विचारा. एमआरपीत कर धरलेला असतो, त्यावर वेगळा जीएसटी कोणी लावू शकत नाही. पक्के बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटी मागता येणार नाही.

घाट उतरताना

आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा, आंबोली असा कुठलातरी एक वळणावळणाचा घाट आपल्या वाटेत असतोच. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे ही जीवावर बेतणारी चूक आहे. गाडीचा सगळा वेग मग एकट्या ब्रेकना धरावा लागतो. इंजिन बंद केले तर आणखी वाईट, कारण बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखे घट्ट होते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, दाबा आणि सोडा. आंबा घाट उतरून साखरप्याला पोचल्या पोचल्या गाडी वॉशिंगला लावून तापलेल्या डिस्कवर थंड पाण्याचा फवाराही मारू नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. नवीन डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात तेवढी उष्णता झाली की ऑइलमध्ये वाफ होते आणि पॅडल खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. पातळी कमी दिसली म्हणून नुसते वरून भरू नका, पॅड झिजले की पातळी उतरतेच. तेव्हा आधी पॅड पाहायचे.

काम झाल्यावर आणि गाडी उभी ठेवताना

डिस्क-पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिला दाब रिकामा जातो, आणि गॅरेजच्या आवारातच गाडी भिंतीवर जाऊ शकते. मग मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम ब्रेकने वेग कमी करणे आठ-दहा वेळा करा, मध्ये गाडी पूर्ण थांबवू नका. पॅड आणि डिस्क एकमेकांना असे सरावतात.

वाळूत, पाण्याच्या रेघेवर गाडी नेऊ नका. गेलीच असेल तर त्याच दिवशी चाकांच्या आतून गोड्या पाण्याने धुवा आणि थोडी चालवून ब्रेक दाबत डिस्क सुकवा, मगच उभी करा. गावच्या घरी महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. तरी चिकटलेच, तर रेस देऊन हिसका मारू नका, लायनर पट्टीपासून सुटून येतो. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर घेऊन जॅकशेजारी टेकू द्या, चाक काढून ड्रमच्या कडेला लाकडाचा ठोकळा ठेवा आणि त्यावर हलक्या हाताने ठोका. दोन-चार ठोक्यांत ड्रम सुटतो.