होकुसाईची लाट जकार्डवर कशी उतरवायची

भाचीनं मोबाइलचं कव्हर पुढं केलं. "मामा, ही लाट विणून द्या की." टी-शर्टपासून कॉफीच्या मगापर्यंत जिथं तिथं दिसणारी तीच ती जपानी लाट. सोलापूरच्या साखर पेठेत चादरींचे ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावरची नक्षी, काढण्यात माझी तीस वर्षं गेली, पण मोर आणि कमळाच्या पुढं फारसा सरकलो नव्हतो.

चित्र निवडतानाच अर्धं काम होतं. मोनालिसाच्या नादी लागू नका. तिचं हसू सगळं सावलीत विरघळलेलं. ग्राफवर त्याच्या पायऱ्या होतात आणि बाई गालात तंबाखू धरल्यासारखी दिसते. जपानी चित्रकार होकुसाईची ही लाट मुळातच लाकडी ठशांवरून छापलेली, साधारण 1831ची. सपाट रंग, ठसठशीत रेघ. मागाला असंच चित्र मानवतं.

आता मापं. मूळ छाप 37.9 बाय 25.7 सेंटिमीटरचा. आपल्याकडं 400 हुकांचं जकार्ड (भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारं मागावरचं यंत्र, एका हुकाला एक उभा धागा), इंचाला 40 उभे धागे, म्हणजे रुंदी 10 इंच. त्या हिशेबानं उंची पावणेसातच्या आसपास येते. इंचाला 20 ओळी बसतात, म्हणून ग्राफ 400 घरं आडवा आणि 136 ओळी उभा. इथंच मी फसलो होतो. शाळेच्या चौकोनी ग्राफवर चित्र जसंच्या तसं उतरवलं, तर कापडावर उंची दुप्पट झाली. फुजी पर्वत सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजाच्या काठीसारखा ताठ उभा! तेव्हा ग्राफचं घर रुंदीच्या दुप्पट उंच आखा.

ताणा, म्हणजे उभे धागे, पांढरा ठेवा, फेसाला आणि फुजीच्या बर्फाला तोच पुरतो. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, गडद निळा, फिकट निळा आणि आकाशासाठी बिस्किटी. गडद निळा घेताना मोरपंखीवर भागवू नका. मूळ चित्रात प्रशियन निळा आहे, थोडा काळपट.

पेन्सिलनं आधी तीन नावा आणि फुजी काढा, लाट नंतर. फुजी इतका लहान आहे की घाईत तोही एक लाटच वाटतो. फेसाची नखं मात्र सावकाश: टोकाला एकच घर, मग दोन, मग तीन. सगळीकडं सारखी जाडी ठेवली की फेसाचा कंगवा होतो. एका रंगाची सलग आठ घरं झाली की मध्ये बांधणीचा ठिपका द्या (तिथं ताणा वर येऊन बाणा दाबून धरतो), नाहीतर धागा लोंबतो आणि अंगठीत अडकतो.

कार्डाला जिथं भोक तिथं हुक उचलतो आणि ताणा वर येतो; भोक नाही तिथं बाण्याचा रंग दिसतो. म्हणून गडद निळ्याच्या कार्डात निळ्या घरांवर भोक नको, बाकी सगळीकडं हवं; बांधणीच्या ठिपक्यांवरही. एका ओळीला तीन रंगांची तीन कार्डं, एकूण 408. घाबरू नका, 1839मध्ये हे यंत्र ज्याच्या नावानं ओळखतात त्या खुद्द जकार्डचं चित्र रेशमात विणलं, त्याला 24,000च्या आसपास कार्डं लागली होती.

शिवण्याआधी प्रत्येक कार्डावर नंबर टाका. माझी 212 आणि 213 उलटी शिवली गेली. त्या एका ओळीत आकाश निळं आणि पाणी बिस्किटी झालं. भाचीनं कापड उजेडात धरलं, रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मामा, विमान गेलंय का इथनं?"