टोकियो डिस्नेलँडची संध्याकाळ: खाऊ आणि खरेदीतल्या या चुका टाळा

आम्ही राहतो निशिकासाईत. टोकियोतले भारतीय जिथे एकवटलेत, तो हा भाग. इथे राहण्याचे दोन फायदे: तूरडाळ चालत जाऊन आणता येते आणि डिस्नेलँड जवळ आहे. या दुसऱ्या फायद्यापायी माझ्यामागे एक बिनपगारी नोकरी लागली आहे. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या दिवसांत आणि मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून, डोंबिवलीहून जे कोणी येईल त्याला एक संध्याकाळ डिस्नेलँडला न्यायचं काम माझं. दिवसभर असाकुसा आणि शिबुया पालथं घालून झालं की चहा पिता पिता वाक्य येतं, "चला, संध्याकाळी जरा डिस्नेलँड उरकून टाकू."

उरकून टाकायला ते काय लाइटबिल आहे?

आधी वेळेचा हिशेब ऐका. नाव टोकियोचं असलं तरी हे पार्क आहे शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासूला, १९८३ पासून. संध्याकाळचं तिकीट वेगळं आणि दिवसाच्या तिकिटापेक्षा स्वस्त मिळतं. कामाच्या दिवशी ते पाचनंतर चालतं, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला तीननंतर. पार्क बहुतेक दिवशी नऊला बंद होतं. म्हणजे कामाच्या दिवशी हातात चार तास. त्यात मोठ्या राइडच्या रांगा, खाणं, परेड आणि अख्ख्या सोसायटीसाठी खरेदी हे सगळं बसत नाही. बरोबर म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर राइडचा नाद सोडा, एखादी घ्या, आणि चरणं, फिरणं, खरेदी करणं यालाच संध्याकाळ द्या. मला तरी अशीच संध्याकाळ आवडते. पण तिचीही वाट लावण्याचे ठरलेले मार्ग आहेत.

"जाताना घेऊ की"

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी इतक्यांदा पाहिली आहे की आता हे शब्द कानावर आले तरी माझं डोकं दुखतं.

गेटातून आत गेलं की पहिल्यांदा लागतो तो वर्ल्ड बाझार. काचेचं छत असलेला रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकानं. आत जायचं तेही तिथूनच, बाहेर पडायचं तेही तिथूनच. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, आत्ता ओझं कशाला, परतताना घेऊ. अडचण एवढीच की हे तुम्हाला जसं वाटतं तसं त्या दिवशी पार्कात असलेल्या झाडून सगळ्यांना वाटतं. नऊ वाजता सगळं पार्क त्या एका रस्त्यावर ओतलं जातं.

दोन वर्षांपूर्वी धाकटे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई आल्या होत्या. दिरांकडे खरेदीची यादी होती: ऑफिसमधले, वरचे साहेब, मुलांच्या वर्गातले, सोसायटीतले, आणि ‘वॉचमनकाका’ हे वेगळ्या ओळीत. सव्वापाचला आम्ही वर्ल्ड बाझारमध्ये होतो. दुकानात माणसं मोजण्याइतकी होती. मी म्हटलं, भाऊजी, आत्ता घेऊन टाका. ते म्हणाले, "वहिनी, आत्तापासून कशाला हमाली? जाताना घेऊ की."

पावणेनऊला आम्ही परत त्याच दुकानाच्या दारात. आत पाय ठेवायला जागा नाही. यादी फोनमध्ये, आणि फोन परेडचं शूटिंग करून करून कधीच बंद पडलेला. मग दिरांनी आठवून आठवून डबे उचलायला सुरुवात केली. मला अजून दिसतंय: दोन्ही हातांवर अकरा पत्र्याचे डबे रचलेले, सगळ्यात वरचा हनुवटीनं दाबून धरलेला, आणि माणूस रांगेत दोन दोन बोटं पुढे सरकतोय. बाहेर सासूबाई कठड्यावर बसलेल्या, मांडीवर धाकटा गाढ झोपलेला, त्याच्या डोक्यावरचे मिकीचे कान सरकून नाकावर आलेले. थोरलीला शू लागलेली. जाऊबाई कोणाशीच बोलत नव्हत्या.

घरी येऊन पाहिलं तर अकरापैकी नऊ डबे एकसारखे, चॉकलेट क्रंचचे. उरलेले दोन बिस्किटांचे समजून घेतलेले, त्यांत तांदळाच्या खारट चकत्या. साहेबांचं राहिलंच. वॉचमनकाकांना मात्र मिळालं.

माझी पद्धत सांगते. पाहुणे पहिल्यांदाच आले असतील तर आत गेल्या गेल्या पहिला पाऊण तास दुकानात, मग प्रवेशद्वाराजवळच्या लॉकरमध्ये सगळं कोंबायचं आणि मोकळ्या हातानं हिंडायचं. त्यांनी आधी एकदा पार्क पाहिलं असेल तर रात्रीच्या दिव्यांच्या परेडच्या वेळी जायचं. ‘ड्रीमलाइट्स’ नावाची ही परेड २००१ पासून चालू आहे. ती सुरू झाली की दुकानं ओस पडतात. मी पाहुण्यांना परेडच्या कडेला चटईवर बसवते आणि स्वतः दुकानात सटकते. परेड मला तोंडपाठ आहे.

यादी कागदावर लिहा. हसू नका. कागदाची बॅटरी संपत नाही.

डबे घेताना चित्र पाहून घेऊ नका, आतल्या नगांचा आकडा पाहा, तो डब्यावर छापलेला असतो. जपानी लोक सहलीहून परतताना ऑफिसात वाटायला ‘ओमियागे’, म्हणजे खाऊची भेट, नेतात, त्यामुळे डब्यातला एकेक नग वेगळा गुंडाळलेला असतो. तीस जणांना वाटायचं तर तीस वस्तू लागत नाहीत, एक मोठा डबा पुरतो. हे कळलं की निम्मी खरेदी तिथेच संपते, पण ऐकतो कोण! आणि एप्रिल-मेमध्ये मुंबईला चॉकलेट नेऊ नका. दिरांच्या नऊ डब्यांचं काय झालं असेल, ते तुम्हीच समजा.

ज्यांचा जपानात पत्ता आहे त्यांना आणखी एक सोय आहे. ज्या दिवशी पार्कात जाल त्या दिवशी पार्कच्या अ‍ॅपवरून खरेदी करून सामान घरी मागवता येतं. आमच्याकडे दहा दिवस राहणाऱ्यांना मी हेच करायला लावते. उद्या पहाटे ज्यांचं विमान आहे, त्यांनी याच्या भरवशावर राहू नये.

आणि खरंच काही विसरलं तर पार्कजवळचं मायहामा स्टेशन आणि पार्क यांच्या मध्ये ‘बॉन व्हॉयाज’ नावाचं मोठं दुकान आहे, बाहेरून थेट सुटकेससारखं दिसतं. तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही. साहेबांचा डबा मी दुसऱ्या दिवशी तिथून आणला.

"व्हेज आहे ना, विचार की"

दुसरी चूक खाण्याची. इथे मी जरा रागानं लिहिणार आहे, कारण दरवेळी विचारायला मलाच पाठवतात.

जपानी माणसाला ‘व्हेज आहे का’ विचारलं आणि त्यानं ‘हो, भाज्या आहेत’ म्हटलं, तर तो खोटं बोलत नसतो. भाज्या असतात. भाज्यांबरोबर आणखी काय आहे, हे तुम्ही विचारलेलंच नसतं. आमच्या जाऊबाई अंडं खातात, मांस-मासे खात नाहीत. पार्कातल्या टूनटाऊन भागात मिकीच्या हातमोज्याच्या आकाराचा पांढराशुभ्र, वाफवलेला पाव मिळतो. चित्रात पिवळं अंडं दिसत होतं. मी पाण्याच्या बाटल्या भरायला गेले होते, तेवढ्यात त्यांनी बोटानं दाखवून घेतला आणि दोन घास खाल्लेही. तिसऱ्या घासाला थांबल्या. "यात कोबी वेगळाच लागतोय." तो कोबी नव्हता, चिकन होतं. त्या रात्री त्या वाफाळत्या पावाकडे पाहूनही त्यांना मळमळत होतं, आणि चूक कोणाची यावर घरी परतेपर्यंत चर्चा झाली.

माझी सवय अशी: ‘व्हेज’ हा शब्द वापरायचाच नाही. अ‍ॅलर्जीची माहिती मागायची. जपानात पाकीटबंद खाण्यावर काही पदार्थांची नोंद छापणं सक्तीचं आहे: अंडं, दूध, गहू, सोबा म्हणजे कुट्टू, भुईमूग, कोळंबी, खेकडा, अक्रोड वगैरे. त्याखेरीज आणखी काही पदार्थांची नोंद करावी अशी शिफारस आहे. त्यांत बीफ, पोर्क, चिकन आणि जिलेटिन येतं, आणि आपल्या कामाचं तेच. बुता म्हणजे डुक्कर, ग्यू म्हणजे गाय-बैल, तोरी म्हणजे कोंबडी, एवढे तीन शब्द पाठ करून या.

पण या यादीला एक भोक आहे. जपानी रश्शांचा, सॉसचा जीव म्हणजे ‘दाशी’, आणि ती बऱ्याचदा कात्सुओ नावाच्या सुकवलेल्या माशाची असते. हा मासा त्या यादीत नाहीच. त्यामुळे यादी कोरी दिसली म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं नाही. तसंच करीचं. ‘करीभात मिळतो’ ऐकून आपली माणसं धावतात, पण जपानी करीच्या वड्यांत बैलाची किंवा डुकराची चरबी असणं अगदी नेहमीचं आहे, मग वर बटाटा-गाजर का दिसेना. कडक शाकाहारी असाल तर तिखटमिठाच्या मोहात पडू नका. मिठाचे पॉपकॉर्न, कॅरॅमलचे पॉपकॉर्न, अंडं चालत असेल तर मिकीच्या तोंडवळ्याचं वॉफल, तेही विचारून. करी चवीचे पॉपकॉर्न मिळतात आणि वासानं आपली पावलं तिकडेच वळतात, पण त्यांच्या मसाल्याचीही यादी बघितल्याशिवाय घेऊ नका.

पोटभरीचं काय, तर डबा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हा नियम आहे. ठेपले पर्सच्या तळाशी लपवून नेण्याच्या युक्त्या मला सांगू नका, लाज वाटते. गेटाबाहेर पिकनिकसाठी जागा ठेवलेली आहे. पाचच्या तिकिटाला साडेचारला पोचायचं आणि तिथे बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची. पोट भरलेलं असलं की आत माणूस शहाण्यासारखा वागतो. रांगेत भांडत नाही आणि समोर येईल ते उचलत नाही.

पॉपकॉर्नची बकेट

गळ्यात अडकवायची ही रंगीत बकेट प्रत्येक मुलाला हवी असते. ती रिकामी घेऊन गेलात की पुन्हा भरून घेणं स्वस्त पडतं आणि जुनी बकेटही चालते. म्हणून माझ्या माळ्यावर तीन बकेट आहेत, पाहुण्यांना वापरायला देते. तरी नवीनच घेतात. मग ती सुटकेसमध्ये मावत नाही आणि मोजे भरून हातात धरून विमानात न्यावी लागते. डोंबिवलीला आमच्या नणंदबाईंकडे त्यातली एक ओट्यावर आहे, तिच्यात लसूण असतो.

वेगवेगळ्या चवीच्या गाड्या पार्कभर विखुरलेल्या आहेत. एकाच बकेटमध्ये कॅरॅमलवर करी घालून घेऊ नका. आमच्या घरी हा प्रयोग झालेला आहे.

बाकीच्या, थोडक्यात

डफी, लीनाबेल, जेलातोनी ही गोड बाहुली-मंडळी शेजारच्या डिस्नेसी पार्कात मिळतात, डिस्नेलँडमध्ये नाही. ही दोन वेगळी पार्कं आहेत आणि तिकिटंही वेगळी. भाचीला लीनाबेल हवी असेल तर तिकीट काढण्याआधी बोला. गेटाच्या आत रडलेल्या भाचीला समजावणं माझ्या नोकरीत बसत नाही.

मिकीचे कान घ्यायचे तर आत शिरताच घ्या. सव्वाआठला कान घेणारा माणूस पाऊण तासाच्या सुखासाठी पैसे मोजतो.

टी-शर्ट नेहमीच्या मापानं घेऊ नका. जपानी एल आपल्याला एम होतो.

पार्क खाडीला लागून आहे. एप्रिलमध्येही सातनंतर वारा झोंबतो. ज्यांनी स्वेटर ‘उगाच’ म्हणून घरी ठेवला, त्यांनी मिकीची महागडी शाल घेतलेली आहे. वारा जास्त असला की आतषबाजीही रद्द होते, तिच्यासाठी संध्याकाळ अडवून ठेवू नका.

प्लास्टिकच्या पिशवीला २०२० च्या जुलैपासून जपानभर पैसे पडतात. बाजाराची कापडी पिशवी घडी करून खिशात ठेवा, दोन ठेवा.

मोनोरेलचं तिकीट वेगळं आहे आणि ती एकाच दिशेनं फिरते. डिस्नेलँडहून स्टेशनला यायला तिच्यात बसलात तर जवळजवळ पूर्ण फेरी मारून याल. चालत पाच-सात मिनिटं लागतात.

"तीस सेकंदांच्या रीलमध्ये बघितलंय, तिकडून गेलं की रांगच नसते." ती रील आणखी लाखभर लोकांनी बघितलेली असते. तिकडेच रांग असते.

परतीला आम्ही कासाईची बस धरतो. मायहामाहून जाणारी केइयो लाइनची रेल्वे जोराच्या वाऱ्यात अडकते आणि टोकियो स्टेशनवर तिचा फलाट इतका लांब आहे की झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन तिथे गाडी बदलणं म्हणजे शिक्षा. नऊच्या ठोक्याला सगळ्यांबरोबर निघू नका, साडेआठला निघा, बसायला जागा मिळते. आणि बसमध्ये बसलात की कान काढून पिशवीत ठेवा. दीर विसरले. सकाळच्या चहाला दूध नव्हतं, म्हणून उतरल्यावर तसेच कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, शिरले. काउंटरवरच्या मुलानं पैसे घेतले, सुट्टे दिले, वाकून आभार मानले, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दिरांना कान आठवले ते घरी आल्यावर, लिफ्टच्या आरशात.