दोन आकड्यांवरून अणुकेंद्रकाची रचना कशी काढावी

अणुकेंद्रकात काय आहे हे कळायला दोनच आकडे पुरतात: अणुअंक आणि अणुवस्तुमानांक. उदाहरणाला शिसे-२०८ घेऊ.

आधी आवर्तसारणीत शिशाचा अणुअंक पाहा. तो ८२, म्हणजे प्रोटॉन ८२. नावापुढचा २०८ हा अणुवस्तुमानांक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून तेवढे कण. वजाबाकी केली की न्यूट्रॉन १२६. मात्र आवर्तसारणीतला दशांश आकडा अणुवस्तुमानांक म्हणून घेऊ नका. क्लोरीनसमोर ३५.४५ दिसते, पण ती क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ या समस्थानिकांची (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे अशा अणूंची) त्यांच्या प्रमाणानुसार काढलेली सरासरी आहे.

न्यूट्रॉन एवढे जास्त का? प्रोटॉनांमधले प्रतिकर्षण केंद्रकभर पोहोचते. त्यांना बांधून ठेवणारे प्रबळ बल मात्र अगदी शेजारच्या कणांपुरतेच चालते. न्यूट्रॉन प्रतिकर्षण न वाढवता बांधणी घट्ट करतो. त्यामुळे केंद्रक जड होत जाते तसे न्यूट्रॉनांचे प्रमाणही वाढते.

आकार काढणे सोपे. अणुवस्तुमानांकाच्या घनमुळाला १.२ ने गुणा, त्रिज्या फेम्टोमीटरमध्ये (मीटरचे दशलक्ष अब्ज भाग केले तर त्यातला एक) मिळते. शिसे-२०८ साठी ती सुमारे ७.१.

खरी गंमत वस्तुमानात आहे. इथे हेलियम-४ घ्या, आकडेमोड आटोपशीर होते. सुट्या प्रोटॉनचे वस्तुमान १.००७२७६ अणुवस्तुमान एकक (कार्बन-१२ अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग), न्यूट्रॉनचे १.००८६६५. प्रत्येकी दोन कणांची बेरीज ४.०३१८८२. प्रत्यक्षात केंद्रक भरते ४.००१५०६. (तक्त्यात बहुधा अख्ख्या अणूचे वस्तुमान असते, त्यातून इलेक्ट्रॉनांचे वजा करा, नाहीतर हिशेब फसतो.) मग ०.०३०३७६ एकक गेले कुठे? कण एकत्र येताना ते ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडले. एक एकक वस्तुमान म्हणजे ९३१.५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे माप), म्हणून या तुटीला ९३१.५ ने गुणले की सुमारे २८.३ एमईव्ही येतात. हीच बंधनऊर्जा. केंद्रकाचे कण पुन्हा सुटे करायचे तर तेवढी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते.

आता तिला कणसंख्येने भागा: हेलियम-४ मध्ये दर कणामागे सुमारे ७.१ एमईव्ही. याच रीतीने लोह-५६ साठी ८.८ आणि युरेनियम-२३८ साठी ७.६ येतात. लोहाच्या आसपासची केंद्रके सर्वांत घट्ट बांधलेली असतात. म्हणूनच युरेनियमसारखी जड केंद्रके फुटताना ऊर्जा मिळते, आणि हायड्रोजनसारखी हलकी केंद्रके जुळतानाही.