अ‍ॅनिमोन विकण्याआधी क्वारंटाइनमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आता बेळगावात टिळकवाडी-शहापूरपुरते राहिलेले नाहीत. निपाणी, चिकोडी, खानापूरहूनही फोन येतात. क्लाऊनफिशची जोडी नेली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "अण्णा, त्याचं घर कधी येणार?" घर म्हणजे अ‍ॅनिमोन. फुलासारखा दिसणारा हा समुद्री प्राणी, त्याच्या आडोशाने क्लाऊनफिश राहतो. आपल्याकडे तो मुंबईच्या किंवा चेन्नईच्या व्यापाऱ्याकडून येतो, थर्मोकोलच्या पेटीत, विमानाने नाहीतर रात्रीच्या बसने. समुद्रातून निघाल्यापासून आपल्या हातात पडेपर्यंत त्याचे बरेच हाल झालेले असतात. अशा जिवाला आल्या दिवशी निळ्या लाइटखाली शोकेसमध्ये मांडलं आणि शनिवारी विकलं, तर तो गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मरतो आणि जाताना टाकीतले मासेही नेतो.

नवे दुकानदार पहिल्यांदा विचारतात ते औषधाबद्दल. माझ्या लेखी औषधाचा नंबर बराच खाली लागतो. आधी घाई आणि ढवळाढवळ थांबवा.

स्वस्त पडतो म्हणून पांढरा उचलणं

पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन दिसायला देखणा असतो, पण तो उपाशी असतो. झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं त्याच्या अंगात राहतात आणि उजेडावर अन्न तयार करून त्याला पुरवतात. ताण पडला की ती निघून जातात आणि मागे राहतो तो हा पांढरेपणा. असा जीव सावरायला कित्येक आठवडे जातात, काही वेळा महिने. तेवढी टाकी अडकवून ठेवायची तयारी नसेल तर घेऊच नका. बुडापासून टोकापर्यंत एकसारखा लिंबासारखा पिवळा किंवा भडक गुलाबी दिसला तर तो बहुधा रंगवलेला असतो, आणि रंगाखाली तोच पांढरा असतो.

पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ मागवा आणि दोनच गोष्टी नीट बघा: तोंड आणि बूड. तोंड घट्ट मिटलेलं हवं. बूड कुठेही फाटलेलं नको. काचेला किंवा दगडाला चिकटलेला अ‍ॅनिमोन नखाने ओरबाडून काढायची सवय सगळीकडे आहे, आणि बूड फाटलेला अ‍ॅनिमोन फार क्वचित वाचतो. सुटत नसेल तर दगडासकट येऊ द्या, पण तो दगड म्हणजे प्रवाळाचा तुकडा नाही ना, हे आधी विचारा. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तसला तुकडा दुकानात सापडला तर "अ‍ॅनिमोनबरोबर आला" हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

"समुद्राचं पाणी आणलंय" म्हणून निर्धास्त राहणं

चोर्ला घाटातून गोव्याला किंवा आंबोलीवरून वेंगुर्ल्याला जाऊन कॅन भरून आणणारे आपल्यात बरेच आहेत. उन्हाळ्यात, किनाऱ्यापासून जरा आत जाऊन भरलं तर ते पाणी चालूनही जातं. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र किनाऱ्याच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो, त्यामुळे खारटपणा उतरतो. जेटीजवळ भरलेल्या पाण्यात होड्यांचं डिझेलही येतं. मासा असा फरक काही प्रमाणात सोसतो. अ‍ॅनिमोनला कातडीची राखण नाही की कल्ल्यांची गाळणी नाही, पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगाला भिडतं.

त्यापेक्षा रीफचं मीठ (खाऱ्या टाकीसाठीचं तयार मीठ) आणि आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेसुरले क्षारही काढलेलं) पाणी बरं. इथेही एक खोच आहे. घरातल्या पिण्याच्या आरओत चवीसाठी मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा स्क्रू असतो. ते पाणी टाकीसाठी नाही. डीआयनंतर टीडीएस शून्य हवा, निदान शून्याला चिकटून. नळाला राकसकोपचं पाणी येवो नाहीतर हिडकलचं, त्यात क्लोरीन असतं, म्हणून कार्बनचा फिल्टर वेळेवर बदला. बोअरच्या पाण्याने आरओचं मेंब्रेन (गाळणारा पडदा) लवकर बसतं, हे ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम. पंप लावून एक दिवस फिरू द्या, मगच मोजा. खारटपणा १.०२५ ते १.०२६ (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता), तापमान २५ ते २७ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. खारटपणा मोजायचा काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकीचा आकडा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड बघून खारटपणा दाखवणारं उपकरण) घ्या आणि त्याचं माप ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या आरओच्या पाण्यावर नको.

पिशवी उघडून तासभर ठिबक लावणं

माशांसाठी पाठ केलेली पद्धत इथे उलटू शकते. बंद पिशवीत रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो आणि साठलेला अमोनिया त्या आम्लपणामुळे कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा पाण्यात जीव ठेवून थेंबथेंब नवं पाणी सोडत बसणं म्हणजे त्याला तासभर विषात बसवणं.

बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग उघडा आणि पहिल्यांदा खारटपणा मोजा. व्यापाऱ्याने १.०२१ ला ठेवला असेल तर क्वारंटाइनचं पाणी आधीच त्या आकड्याला आणून ठेवलेलं असावं, म्हणजे जीव लगेच हलवता येतो. पुढे दोन-तीन दिवसांत सावकाश वर न्यायचं. त्यासाठी पेटी निघण्याआधीच व्यापाऱ्याला त्याचा आकडा विचारून घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. उचलताना नायट्राइलचे मोजे घाला. कार्पेट अ‍ॅनिमोन मनगटाला चिकटला तर पुरळ उठतं, आणि सोडवण्याच्या झटापटीत त्याचेही टेंटॅकल (तोंडाभोवतीचे बोटांसारखे तंतू) तुटतात.

क्वारंटाइनची टाकी सजवणं

चाळीस लिटरची उघडी काच पुरते. वाळू नको, रॉक नको. एक लहान पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), एक हिटर आणि दोन्हींना स्पंजची किंवा जाळीची आडकाठी, एवढंच. आजारी अ‍ॅनिमोन चालतो, तरंगतो आणि नेमका पंपाच्या तोंडाशी जातो. हिटरला टेकला तर भाजतो.

बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री हिटरशिवाय काढता येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये उलटी बाजू: पंखा लावला की पाणी उडतं आणि खारटपणा वाढतो. ती भर साध्या आरओच्या पाण्याने करायची, मिठाच्या नाही. जुलैच्या वाऱ्यापावसात लाइट जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. चाळीस लिटर पाण्यातला प्राणवायू फार वेळ पुरत नाही.

आणि जुनी टाकी वापरणार असाल तर त्यात पूर्वी माशांना तांब्याचं औषध दिलं होतं का, ते आठवा. दिलं असेल तर ती बाजूला ठेवा. तांबं अ‍ॅनिमोनला मारतं.

आकसला की हात घालणं

सगळ्यात जास्त जीव मला वाटतं इथे जातात. पहिल्या रात्री अ‍ॅनिमोन पाणी सोडून मुठीएवढा होतो. मालक घाबरतो, काठीने ढोसतो, पालथा आहे म्हणून उलटवतो, जागा बदलतो. अहो, आकसणं हे त्याचं नेहमीचं काम आहे. आतलं जुनं पाणी आणि घाण टाकून तो नवं पाणी भरतो. तोंडातून तपकिरी चिकट लोळी बाहेर आली तर ती विष्ठा किंवा जास्तीचं शैवाल असतं. पिपेटने हळूच ओढून घ्या आणि बाजूला व्हा.

चिंता करायची ती वेगळ्या चिन्हांची. रोज पूर्ण गळतो आणि फुगल्यावरही तोंड उघडंच राहतं. तोंडातून पांढऱ्या दोऱ्यांचा पुंजका बाहेर लोंबतो. टेंटॅकलला मोज्यातलं बोट लावलं तर चिकटत नाही, नुसता बुळबुळीत लागतो. यातली दोन एकदम दिसली तर संसर्ग धरून चाला. मेला की नाही याची शंका असेल तर हाताने थोडंसं पाणी काढून वास घ्या. कुजका वास आणि बोटाखाली विरघळणारं मांस असेल तर त्याच क्षणी बाहेर काढा, संध्याकाळपर्यंत वाट बघू नका.

सिप्रो सरसकट देणं, किंवा अर्धवट देणं

मॅग्निफिका आणि कार्पेट या जातींचे जीव नाजूक. ते आजारी पडले की जगभरचे शौकीन सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक वापरतात. रूढ प्रमाण साधारण चाळीस लिटरला २५० मिलिग्रॅम, रोज, सात दिवस, आणि प्रत्येक दिवशी सगळं पाणी बदलून नवा डोस. नवं पाणी तापमानाला आणि खारटपणाला अगदी जुळलेलं हवं, म्हणजे उद्याचं पिंप आजच फिरत ठेवायचं. हे जमणार नसेल तर औषध सुरूच करू नका. दोन दिवस देऊन "आता फुगला" म्हणून थांबवलं तर जिवाणू मरत नाहीत, सराईत होतात.

उजेडाने हे औषध मोडतं, म्हणून डोस लाइट बंद झाल्यावर द्या. तेवढे दिवस टाकीच्या फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर औषध त्यातच जाईल. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. जनावरांच्या डॉक्टरांशी बोला, मेडिकलवाल्या ओळखीच्याला गळ घालू नका. टाकीत पिकवलेला, धडधाकट बबल टिप जातीचा आला असेल तर त्याला औषधाची काही गरज नाही. "खबरदारी म्हणून" दिलेलं अँटिबायोटिक त्याला फक्त ताण देतं.

वापरलेलं पाणी बळ्ळारी नाल्याच्या वाटेला लावू नका. उघड्या टबात दोन-चार दिवस कडक ऊन लागू द्या. आणि झाडांना तर मुळीच घालू नका, मिठाने परसबाग जाईल.

खाऊ घालायची हौस

आल्या दिवशी कोळंबी तोंडात कोंबणारे खूप. पचवायची ताकद नसते, तुकडा आत कुजतो नाहीतर दुसऱ्या दिवशी बाहेर येतो आणि अमोनिया वाढवतो. तोंड मिटलेलं आणि टेंटॅकल चिकट झाले की मग शेंगदाण्याएवढा तुकडा द्या. समुद्रातली ताजी, मीठ न लावलेली कोळंबी धुऊन द्यायची. नाकारली तर तासाभरात काढून टाका.

लाइटचंही असंच आहे. मंद उजेडापासून सुरुवात करा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा.

क्लाऊनफिश सोबतीला सोडणं

दुकानात फोटो छान येतो, म्हणून हे होतं. अशक्त अ‍ॅनिमोनला क्लाऊनफिश दिवसभर घासतो, ओढतो, मिटूच देत नाही. विकत घेणाऱ्यालाही सांगा की ओसेलारिस जातीचा क्लाऊनफिश अ‍ॅनिमोनशिवाय मजेत जगतो.

दुसरी बाजू परजीवीची. माशांचा खाऱ्या पाण्यातला पांढरे ठिपके रोग अ‍ॅनिमोनला होत नाही, पण त्या परजीवीच्या गाठी बुडाजवळच्या दगडाला चिकटून येऊ शकतात. म्हणून बरेच शौकीन दगडासकट आलेला जीव ७६ दिवस बिनमाशांच्या पाण्यात ठेवतात. दुकानाला हे परवडत नाही, मान्य. मग निदान गिऱ्हाइकाला खरं सांगा: हा किती दिवस ठेवला, त्या पाण्यात मासे होते का, औषध दिलं का.

शनिवारच्या गिऱ्हाइकापुढे नमणं

"आजच द्या की, पोराचा वाढदिवस आहे." हे वाक्य दुकानदाराने ऐकून सोडून द्यायला शिकलं पाहिजे. निदान दोन आठवडे, औषध दिलं असेल तर औषध संपल्यानंतरचे दोन आठवडे, अ‍ॅनिमोन एका जागी बूड रोवून बसलेला हवा. तोंड मिटलेलं, टेंटॅकल चिकट, आणि निदान दोनदा खाल्लेलं पचवलेलं.

घेणाऱ्याची टाकी सहा महिन्यांच्या आतली असेल तर नाही म्हणा. जाताना पिशवी दुहेरी, एका पिशवीत एकच जीव, ऑक्सिजन भरलेला, आणि उन्हाळ्यात निपाणीपर्यंतही थर्मोकोलशिवाय देऊ नका. सोबत चिठ्ठी: खारटपणा, तापमान, शेवटचं खाणं कधी. गिऱ्हाइकाच्या पंपाच्या तोंडाला स्पंज बसवल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याशिवाय मी पिशवी बांधायला घेत नाही.