६१७४ काढताना या चुका टाळा

देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली ही प्रक्रिया समजायला सोपी आहे. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावून सर्वांत मोठी आणि चढत्या क्रमाने लावून सर्वांत लहान संख्या तयार करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ मिळते; आणि ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्यामुळे उत्तर तेथेच स्थिरावते.

सर्वाधिक घोटाळा शून्यामुळे होतो. २१११ घेतल्यास २१११ − १११२ = ९९९ येते आणि पुष्कळ जण पुढे ९९९ − ९९९ = ० करून नियमच खोटा ठरवतात. येथे उत्तर ०९९९ असेच लिहावे लागते, कारण ही कृती संख्येच्या किमतीवर नव्हे, तर तिच्या चार स्थानांवर चालते. शून्य राखले की ९९९० − ०९९९ = ८९९१ आणि त्यापुढे ८०८२, ८५३२, ६१७४ असा मार्ग सरळ उलगडतो. संगणकावर आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तर प्रत्येक फेरीत चार स्थाने भरून घेण्याची दक्षता घ्यावीच.

दुसरी चूक म्हणजे अंक क्रमाने न लावता मूळ संख्या केवळ उलटी करून वजा करणे. ३५२४ साठी ४२५३ नव्हे, तर ५४३२ आणि २३४५ या संख्या घ्यायच्या. मग ३०८७, ८३५२, ६१७४ अशी तीनच पावले लागतात. २००५ ला मात्र पूर्ण सात लागतात, म्हणून मध्येच सोडून देऊ नये. सातव्या वजाबाकीनंतरही ६१७४ आले नाही, तर हातचा चुकला आहे असे खुशाल समजावे.

तो कुठे चुकला हे शोधण्याची युक्ती या प्रक्रियेच्या रचनेतच आहे आणि मला ती ६१७४ इतकीच सुंदर वाटते. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी नेहमी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) इतकी येते. त्यामुळे प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातोच. शिवाय ब आणि क वेगळे असतील, तर उत्तराच्या पहिल्या व शेवटच्या अंकांची बेरीज १० आणि मधल्या दोन अंकांची ८ येते. ब आणि क समान असतील, तर उत्तराचे मधले दोन्ही अंक ९ असतात व कडेच्या अंकांची बेरीज ९ होते. ३०८७ आणि ०९९९ यांवर हे ताडून पाहावे.

पाच-दहा उदाहरणे जुळली म्हणजे सिद्धता झाली, असे मानणेही चूकच आहे. वरील सूत्रानुसार उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असल्यामुळे त्यांच्या ५४ जोड्या तपासल्या की सर्व संख्यांचा निकाल लागतो, आणि एवढे काम वहीच्या दोन पानांत होते.

हा गुणधर्म कितीही अंकांना लागू पडतो, असे गृहीत धरू नये. तीन अंकांसाठी ४९५ मिळते. पाच अंकांत मात्र असा स्थिरांकच नाही, तेथे ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि पुन्हा ६१९७४ अशी चक्रे सापडतात. तसेच ‘कापरेकर संख्या’ हा प्रकार वेगळा आहे: ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, म्हणून ४५ ही कापरेकर संख्या होय. ६१७४ चा वर्ग ३,८१,१८,२७६ आहे आणि ३८११ + ८२७६ = १२०८७ येत असल्यामुळे ६१७४ त्या प्रकारात बसत नाही. तिच्या अंकांची बेरीज १८ असून १८ × ३४३ = ६१७४ असल्यामुळे कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांमध्ये, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांमध्ये, मात्र तिचा समावेश होतो.