दुकानाच्या दारावरचा 'ह्यू'

शिकायला सोलला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका मैत्रिणीला 'यॉन्जुंगमुह्यू' नावाच्या दुकानापाशी बोलावलं. दारावर तेच तर लिहिलं होतं! तिला त्या एका रस्त्यावर तसली तीन दुकानं सापडली. ते नाव नव्हतंच, पाटी होती: वर्षभर उघडं. यॉन्जुंग म्हणजे वर्षभर, मु म्हणजे नाही आणि ह्यू म्हणजे विसावा.

हा 'ह्यू' मूळचा चिनी. कोरियन लोक अशा अक्षरांना हान्जा म्हणतात. डावीकडे उभा माणूस, उजवीकडे झाड. झाडाला टेकून दम खाणारा माणूस झाला 'विसावा'. अवघ्या सहा रेघा. कोरियन माणूस त्याचं नाव सांगतो 'श्विल ह्यू'. आधी देशी अर्थ, मग उच्चार. प्रत्येक हान्जाचं नाव असंच जोडीनं पाठ करतात.

आता हे अक्षर रोज दिसत नाही, जवळजवळ सगळं हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत छापतात. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेतही हान्जा विचारत नाहीत. मग कशाला डोकेफोड? कारण आपण बोलताना पाणीच म्हणतो, पण जलाशय, जलचर समजायला 'जल' ठाऊक असावं लागतं. तसंच इथे. ह्यूगा म्हणजे रजा, ह्यूइल सुट्टीचा दिवस, ह्यूहाक म्हणजे कॉलेजातून एखादं सत्र थांबणं, ह्यूगेसो हायवेवरचा थांबा. ह्यूजी म्हणजे टिश्यू पेपर; कागदाला कसला आलाय विसावा, असं मला वाटायचं. पण मूळ अर्थ कामातून गेलेला, रद्दी कागद. आणि ह्यूजॉनसॉन ही दोन कोरियांमधली रेषा. २७ जुलै १९५३ ला पानमुन्जॉमला युद्धविराम झाला, शांतता करार मात्र झालाच नाही. युद्ध नुसतं थांबलंय, हे त्या शब्दातच आहे.

माझं मत विचाराल तर टोपिकची दुसरी लेव्हल होईपर्यंत हान्जाच्या वाटेला जाऊ नका. पुढे नवा शब्द आला की डिक्शनरीत शेजारचा हान्जा बघा आणि एका अक्षराला वहीचं एक पान द्या. गिरवत बसायची गरज नाही.

फक्त उच्चारावर भिस्त ठेवू नका. ह्यूदेपोन, म्हणजे मोबाइल, मी बिनधास्त याच पानावर लिहिला होता. त्यातला ह्यू वेगळा, 'जवळ बाळगणं' या अर्थाचा. जलद गाडीत पाणी शोधावं, तसलाच प्रकार. तो शब्द खोडून मी नवं पान उघडलं. त्यावर अजून तो एकटाच आहे.